सिंक्रोट्रॉनवर मोजलेली रेषा प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा रुंद का येते?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. विषय फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीचा आहे: नमुन्यावर क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायची; त्या आलेखातले शिखर म्हणजे रेषा. क्वार्ट्झच्या तुकड्यावर टाकलेल्या, सुमारे २० नॅनोमीटर जाडीच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराचे मोजमाप आपण सिंक्रोट्रॉनच्या (रिंगमध्ये फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनपासून प्रकाश देणाऱ्या यंत्राच्या) मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांच्या बीमलाइनवर (प्रकाश नमुन्यापर्यंत आणणाऱ्या वाटेवर), ७०० इलेक्ट्रॉनव्होल्ट (इव्ही) ऊर्जेच्या फोटॉननी केले. इलेक्ट्रॉन ऊर्जेनुसार वेगळे करणाऱ्या अर्धगोलाकार अनॅलायझरची त्रिज्या २०० मिलिमीटर, पास एनर्जी (ज्या ऊर्जेवर आणून इलेक्ट्रॉन त्यातून सोडले जातात ती) ५० इव्ही आणि स्लिट, म्हणजे आत शिरण्याची फट, ०.५ मिलिमीटर होती. ऑक्सिजनच्या १एस (सर्वांत आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनच्या) रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी १.४ इव्ही आली, तर हाच थर आपल्या विभागातल्या ॲल्युमिनियम के-अल्फा क्ष-किरण स्रोताच्या यंत्रावर १.२ इव्ही देतो. खोलीच्या तापमानाला सोन्याची फर्मी कड (इलेक्ट्रॉनने भरलेल्या पातळ्या जिथे संपतात ती सीमा) १० ते ९० टक्क्यांदरम्यान १५० मिलि-इव्ही रुंद दिसली, सॉफ्टवेअर मात्र अनॅलायझरचे विभेदन, म्हणजे त्याच्यामुळे येणारी रुंदी, ६२ मिलि-इव्ही दाखवत होते. त्यातच रात्रीपासून सकाळपर्यंत ऑक्सिजन आणि टायटॅनियम या दोन्हींच्या रेषा ०.३ इव्हीने जास्त बंधन ऊर्जेकडे (इलेक्ट्रॉन सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेकडे) सरकल्या. यावरून आपण विचारता की पुढच्या वेळी पास एनर्जी २० वर आणावी, की अधिक विभेदनाच्या बीमलाइनसाठी अर्ज करावा.

माझे उत्तर असे की यांपैकी एकाही उपायाने आपली रेषा अरुंद होणार नाही. आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत: यंत्र किती रुंदी देते, नमुना किती रुंदी देतो, आणि ऊर्जेच्या अक्षाचे शून्य कुठे आहे. ते सुटे केले की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

आधी फर्मी कडेचा हिशोब करू, कारण तिथे आपण यंत्रावर थोडा अन्याय केला आहे. सोन्याची कड परिपूर्ण यंत्रानेसुद्धा खोलीच्या तापमानाला तीक्ष्ण दिसत नाही. फर्मी वितरणाची १० ते ९० टक्क्यांमधली रुंदी सुमारे ४.४ गुणिले केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान) एवढी असते, आणि ३०० केल्व्हिनला केटी साधारण २६ मिलि-इव्ही असल्यामुळे ही रुंदी ११४ मिलि-इव्हीच्या घरात जाते. हीच कड ८० केल्व्हिनला ३० मिलि-इव्हीच्या आसपास आणि २० केल्व्हिनला ८ मिलि-इव्हीच्या आत येते, म्हणून यंत्राची परीक्षा शक्य असेल तेव्हा थंड सोन्यावर घ्यावी. आपल्या १५० मधून ११४ वर्गांच्या हिशोबाने वजा केले, म्हणजे दोन्हींच्या वर्गांतील फरकाचे वर्गमूळ काढले, तर यंत्राच्या वाट्याला अंदाजे ९७ मिलि-इव्ही उरतात. काटेकोर उत्तर हवे असेल तर फर्मी फलन आणि गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) यांच्या कन्व्होल्यूशनने, म्हणजे एकाने दुसऱ्याला पसरवून, वक्र जुळवावा, पण निर्णय घेण्यापुरता हा अंदाज पुरेसा आहे.

आता या ९७ मध्ये अनॅलायझरचा वाटा किती ते पाहू. अर्धगोलाकार अनॅलायझरचे विभेदन ढोबळमानाने पास एनर्जी गुणिले स्लिटची रुंदी भागिले त्रिज्येची दुप्पट एवढे असते, आणि इलेक्ट्रॉन किती कोनांत पसरून आत शिरतात त्याची थोडी भर त्यात पडते. ५० गुणिले ०.५ भागिले ४०० म्हणजे ६२.५ मिलि-इव्ही, अर्थात सॉफ्टवेअरने दाखवलेला आकडा. हा आकडा सूत्रातून आलेला आहे, मोजलेला नाही, आणि त्यात बीमलाइनचा भाग मुळीच नाही. ९७ आणि ६२.५ यांच्या वर्गांतल्या फरकावरून बीमलाइनचा वाटा सुमारे ७४ मिलि-इव्ही निघतो. ७०० इव्हीला ७४ मिलि-इव्ही म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास विभेदनशक्ती झाली. हे चांगल्या अवस्थेतल्या बीमलाइनचे लक्षण आहे.

एका कडेवरून काढलेल्या या विभागणीवर आपण पूर्ण विसंबू नये. पास एनर्जी २०, ५० आणि १०० ठेवून तीच कड तीन वेळा मोजावी आणि तापमानाचा भाग वजा केल्यावर उरलेल्या रुंदीचा वर्ग पास एनर्जीच्या वर्गासमोर मांडावा. सगळे सुरळीत असेल तर सरळ रेषा मिळते, तिचा चढ अनॅलायझरचा वाटा सांगतो आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे बीमलाइनच्या वाट्याचा वर्ग असतो. हा छेद बीमलाइनकडून अपेक्षित असलेल्या वाट्याच्या बराच वर आला, तर आणखी काहीतरी रुंदी घालत आहे असे समजावे. मला स्वतःला एकदा असे दिसले आणि कारण सापडायला अख्खी शिफ्ट गेली: नमुन्याकडून येणारी अर्थिंगची तार आणि पंपाच्या कंट्रोलरचे अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी जोडलेले होते, आणि त्या फेऱ्यातून मुख्य वीजपुरवठ्याच्या वारंवारतेची काही दहा मिलिव्होल्टची लहर नमुन्यावर येत होती. मोठ्या पास एनर्जीला ती दिसत नव्हती, २० ला आणली तेव्हा लगेच उघड झाली.

माहितीपत्रकात बीमलाइनचे जे विभेदन छापलेले असते त्याबद्दलही दोन शब्द. ते बहुधा नायट्रोजन वायूच्या, सुमारे ४०१ इव्हीला येणाऱ्या शोषण-रेषांवर तपासलेले असते, कारण त्या रेषांमधील कंपनांची बारीक शिखरे आणि त्यांच्यामधल्या दऱ्या किती स्वच्छ सुट्या होतात यावरून मोनोक्रोमेटरची, म्हणजे प्रकाशातून एकच ऊर्जा निवडणाऱ्या यंत्रणेची, पारख होते. पण तो आकडा एका ऊर्जेचा, एका ग्रेटिंगचा (मोनोक्रोमेटरमधल्या, प्रकाश ऊर्जेनुसार पसरवणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीचा) आणि बहुतेक वेळा अगदी अरुंद एक्झिट स्लिटचा असतो. आपण आपल्या कामासाठी स्लिट उघडला की तो आकडा आपल्याला लागू राहत नाही. म्हणून दोन बीमलाइनांची तुलना छापील आकड्यांवर न करता, आपल्याला लागणारी ऊर्जा आणि प्रकाशतीव्रता सांगून तिथल्या शास्त्रज्ञांना विचारावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपली रेषा १४०० मिलि-इव्ही रुंद आहे आणि यंत्राचा वाटा ९७ आहे. १४०० च्या वर्गातून ९७ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा: साधारण १३९७ येते. याचा अर्थ यंत्र आदर्श केले, बीमलाइन आणि अनॅलायझर दोन्हींची रुंदी शून्य केली, तरी आपली रेषा तीन-चार मिलि-इव्हीने अरुंद होईल. पास एनर्जी ५० वरून २० वर आणली तर यंत्राचा एकूण वाटा ९७ वरून ७८ वर येईल, मोजणी मात्र अडीचपट किंवा त्याहून जास्त घटेल, आणि पडद्यावरच्या रेषेच्या रुंदीत डोळ्यांना दिसेल असा काहीही बदल होणार नाही. वर्गांनी बेरीज करण्याची रीत गाउसियन आकारांसाठीच खरी आहे आणि खऱ्या रेषांमध्ये लोरेन्झियन (लांब शेपट्यांचा) भाग असतो, हे मान्य. पण इतक्या मोठ्या फरकात त्याने निष्कर्ष बदलत नाही. भौतिकशास्त्रज्ञ काई सीगबान यांना इलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीसाठी १९८१ चे नोबेल मिळाले, त्यामागचे उप्साला येथील काम सुरू झाले तेव्हा परिस्थिती उलटी होती. त्या वेळी रासायनिक सरकाव (अणूच्या रासायनिक बंधांमुळे रेषेचे हलणे) यंत्राच्या रुंदीखाली झाकले जात आणि यंत्र सुधारले की नवे काही दिसे. घन ऑक्साइडमधल्या अणूंच्या गाभ्यातल्या, म्हणजे आतल्या कक्षांच्या, रेषांच्या बाबतीत आज बऱ्याचदा यंत्र पुरेसे तीक्ष्ण असते, आणि रुंदीचे कारण नमुन्यात असते.

मग प्रयोगशाळेतल्या साध्या स्रोतावर रेषा अरुंद का येते? तिथल्या यंत्राची रुंदी ०.४५ इव्ही धरली तर थराची स्वतःची रुंदी सुमारे १.१ इव्ही निघते, म्हणजे सिंक्रोट्रॉनवर कुठून तरी ०.८५ इव्हीच्या तोडीची भर पडते आहे. मला तीन कारणे संभवतात, आणि ती तिन्ही एकाच वेळी असू शकतात.

पहिले कारण खोलीचे. ॲल्युमिनियम के-अल्फाचे फोटॉन १४८६.६ इव्हीचे असतात, त्यामुळे सुमारे ५३० इव्ही बंधन ऊर्जेचे ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन साडेनऊशे इव्हीच्या गतिज ऊर्जेने बाहेर पडतात आणि त्यांचा सरासरी मुक्तपथ (ऊर्जा न गमावता कापलेले अंतर) दोन नॅनोमीटरच्या आसपास असतो. ७०० इव्हीच्या फोटॉननी तेच इलेक्ट्रॉन केवळ १७० इव्हीने निघतात आणि त्यांचा मुक्तपथ एका नॅनोमीटरहूनही कमी असतो. थोडक्यात, विभागातले यंत्र आपला थर पाहत होते आणि बीमलाइन त्या थराची साय पाहत होती. हवेतून आलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट, पाणी आणि कार्बनयुक्त मळ असतोच, आणि त्यातील ऑक्सिजनची रेषा मुख्य रेषेपेक्षा साधारण दीड-दोन इव्ही वरच्या बंधन ऊर्जेला येऊन खांद्यासारखी चिकटते. हा खांदा मुख्य रेषेत मिसळला की एकच रुंद रेषा दिसते.

दुसरे कारण प्रभाराचे. क्वार्ट्झ विद्युतरोधक आहे आणि शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइड जेमतेम वाहक. विभागातल्या यंत्रात अशा नमुन्यांसाठी इलेक्ट्रॉनची फ्लड गन (नमुन्यावर मंद इलेक्ट्रॉन सोडून प्रभार भरून काढणारे साधन) बहुधा चालू ठेवलेली असते. बीमलाइनच्या चेंबरमध्ये ती असेलच असे नाही. वर सिंक्रोट्रॉनचा प्रकाश काही दशांश मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान ठिपक्यात केंद्रित होतो, त्यामुळे तेवढ्या जागेतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची भरपाई थराला कडेकडून करावी लागते. ती अपुरी पडली की ठिपका धनप्रभारित होतो, इलेक्ट्रॉन मंदावतात आणि रेषा जास्त बंधन ऊर्जेकडे सरकते. ठिपक्याच्या मध्यावर प्रभार जास्त आणि कडेला कमी असेल तर सरकण्याबरोबर रेषा पसरतेही. आपला थर ऑक्सिजनच्या रिक्त जागांमुळे बऱ्यापैकी वाहक झाला असेल तर हे कारण मागे पडेल. ते थर कसा टाकला आणि तापवला यावर अवलंबून आहे.

तिसरे कारण किरणांनी होणाऱ्या बदलाचे. तीव्र प्रकाशाखाली टायटॅनियम डायऑक्साइडमधून ऑक्सिजन निघून जाऊ शकतो आणि टायटॅनियमचे अंशतः क्षपण होते. तसे झाले तर टायटॅनियमच्या मुख्य रेषेच्या खाली, दीड ते दोन इव्ही कमी बंधन ऊर्जेला, लहानसा उंचवटा दिसू लागतो.

या तिघांत निवाडा कसा करायचा? आपण टायटॅनियमच्या २पी रेषेची रुंदी दिलेली नाही, आणि मला सर्वांत आधी तीच हवी होती. प्रभार सगळ्या रेषांना जवळजवळ सारखेच पसरवतो, कारण सगळे इलेक्ट्रॉन त्याच ठिपक्यातून निघतात. पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल मात्र ऑक्सिजनच्या रेषेला रुंद करतात आणि टायटॅनियमला फारसा धक्का लावत नाहीत. म्हणून दोन्ही यंत्रांवरची टायटॅनियमची रेषा शेजारी ठेवून पाहा. ती बीमलाइनवर रुंद नसेल आणि फक्त ऑक्सिजन रुंद असेल, तर कारण पृष्ठभागाचे आहे. दोन्ही रुंद असतील तर प्रभाराचा संशय पक्का होतो. मात्र २पी रेषेच्या दोन शिखरांपैकी तुलना २पी ३/२ शिखराचीच करा. २पी १/२ शिखर कोस्टर-क्रोनिग क्षयामुळे (त्या पातळीतली पोकळी फार लवकर भरून निघण्यामुळे) मुळातच जास्त रुंद असते आणि ते पाहून पुष्कळ जणांची दिशाभूल होते.

पुढची चाचणी प्रकाशाची तीव्रता बदलण्याची. प्रकाश चौथाईवर आणून रेषा पुन्हा मोजा. ती सरकली किंवा अरुंद झाली तर प्रभार आहे. तीव्रता कमी करण्यासाठी एक्झिट स्लिट अरुंद करणे टाळा, कारण त्यामुळे विभेदनही बदलते आणि क्वचित फोटॉन ऊर्जाही किंचित हलते, मग सरकाव कशाचा हे सांगता येत नाही. अंड्युलेटरची (प्रकाश निर्माण करणाऱ्या चुंबकांच्या रांगांची) गॅप थोडी बाजूला न्या, फिल्टर असेल तर तो घाला, किंवा नमुना फोकसच्या बाहेर सरकवून ठिपका मोठा करा. तिसरी चाचणी फोटॉन ऊर्जा १००० च्या पुढे नेण्याची: त्याने आपण खोलवर पाहता, आणि खांदा पृष्ठभागाचा असेल तर तो मुख्य रेषेच्या तुलनेत खाली बसतो.

आता रात्रभरात झालेल्या ०.३ इव्हीच्या सरकावाविषयी. आपण सोने फक्त सुरुवातीला मोजले, सकाळी मोजले नाही, त्यामुळे आज हे खात्रीने सांगता येत नाही की नमुना सरकला की अक्ष. गतिज ऊर्जा म्हणजे फोटॉन ऊर्जा वजा बंधन ऊर्जा वजा अनॅलायझरचे कार्यफलन (त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा); यात फोटॉन ऊर्जा मोनोक्रोमेटरच्या आरशाच्या आणि ग्रेटिंगच्या कोनांवरून ठरते. तापलेल्या प्रकाशयंत्रणेत, विशेषतः सिंक्रोट्रॉनची रिंग बंद होऊन पुन्हा सुरू झाली असेल तर, ती ऊर्जा हलू शकते, आणि पडद्यावरचा ७०० हा आकडा तसाच राहतो. खरी ऊर्जा घटली तर सगळ्या रेषा जास्त बंधन ऊर्जेकडे गेल्यासारख्या दिसतात, अगदी प्रभारासारख्याच. सोने आणि नमुना दोन्ही सारखेच सरकले असतील तर फोटॉन ऊर्जा हलली आहे. सोने जागेवर आणि नमुना हलला असेल तर कारण नमुन्यात आहे.

खऱ्या फोटॉन ऊर्जेसाठी मला सर्वांत आवडणारी युक्ती दुसऱ्या ऑर्डरच्या, म्हणजे ग्रेटिंगमधून सोबत येणाऱ्या दुप्पट ऊर्जेच्या, प्रकाशाची आहे. ग्रेटिंगमधून ७०० बरोबर थोडासा १४०० इव्हीचा प्रकाशही येतो. सोन्याची ४एफ रेषा दोन्ही ऑर्डरनी मोजली की दोन गतिज ऊर्जांतला फरक हीच फोटॉन ऊर्जा असते. बंधन ऊर्जा आणि कार्यफलन वजाबाकीत निघून जातात. त्यासाठी अनॅलायझरचा ऊर्जा-अक्ष एवढ्या मोठ्या पट्ट्यात सरळ असायला हवा, आणि मोनोक्रोमेटर दुसरी ऑर्डर दाबण्यासाठी लावलेला असेल तर ४एफ रेषा फार क्षीण मिळेल. पण जिथे जमते तिथे दहा-पंधरा मिनिटांत लेबलवरची आणि खरी ऊर्जा यांतला फरक हातात येतो.

इथे एक सावधगिरी आहे. होल्डरवर शेजारी लावलेले सोने आपल्याला होल्डरचे शून्य सांगते, थराचे नाही. थर होल्डरशी विद्युतदृष्ट्या जोडलेला नसेल तर सोन्याची कड सुरेख येईल आणि थर आपल्या मर्जीने तरंगत राहील. क्वार्ट्झवरचा थर क्लिपच्या टोकाने दाबला म्हणून जोडला गेला असे मानू नका. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून होल्डरपर्यंत टँटलमची पातळ पट्टी आणा, ती होल्डरला स्पॉट-वेल्ड करा आणि आत घालण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन टोके तपासा. शक्य असेल तर हाच थर वाहक सिलिकॉनवरही टाकून न्या. क्वार्ट्झवर दिसणारी रुंदी सिलिकॉनवर नाहीशी झाली तर वादच संपतो. ऊर्जा-अक्षाच्या संदर्भासाठी मळाच्या कार्बनची रेषा २८४.८ इव्हीला आहे असे गृहीत धरण्याची सवय विभागातल्या यंत्रावरून येते. पण तो कार्बन कशाचा आहे आणि थराशी त्याचा संबंध कसा आहे यावर त्याची जागा बदलते, म्हणून ०.३ इव्हीचा वाद त्यावर सोडवू नये.

रात्रभरात पृष्ठभागही बदलतो. दहाचा उणे दहावा घात मिलिबार एवढ्या उत्तम निर्वातातसुद्धा, पृष्ठभागावर आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला तर साधारण तीन तासांत एक थर बसतो. सगळे रेणू चिकटत नाहीत, तरी दहा तासांनंतरचा नमुना हा संध्याकाळचाच नमुना आहे असे समजणे धोक्याचे आहे.

या सगळ्यावरून पुढच्या बीमटाइमसाठी (बीमलाइनवर मिळणाऱ्या वेळेसाठी) माझा सल्ला आपल्या बेताच्या जवळजवळ उलट आहे. गाभ्यातल्या रेषांसाठी पास एनर्जी २० न करता १०० करा आणि त्यातून वाढलेल्या मोजणीच्या बदल्यात प्रकाश चौथाईवर आणा. यंत्राची एकूण रुंदी १४५ मिलि-इव्हीपर्यंत जाईल, आणि थराची स्वतःची १.१ इव्ही रुंदी त्याने जेमतेम दहा मिलि-इव्हीने वाढेल. प्रभार आणि किरणांमुळे होणारी हानी मात्र खूप घटेल. आपल्याला व्हॅलन्स पट्ट्याची कड किंवा बँड गॅपमधल्या अवस्था पाहायच्या असतील तर हा सल्ला लागू नाही; तिथे कमी पास एनर्जी आणि थंड नमुना यांचाच उपयोग होतो.

पहिल्या शिफ्टचे पहिले दोन तास फक्त सोन्याला द्या: प्रत्येक वापरायच्या फोटॉन ऊर्जेला एक फर्मी कड, आणि एका ऊर्जेला तीन पास एनर्जी. त्यानंतर दर तीन-चार तासांनी, आणि रिंगमध्ये काहीही घडले की लगेच, तीच कड पुन्हा मोजा. नमुन्यावर नव्या जागी गेल्यावर पहिला स्कॅन लहान घ्या आणि तो वेगळा साठवा, सरासरीत मिसळू नका. शेवटी त्याच जागेवर तोच लहान स्कॅन पुन्हा घेऊन दोन्ही एकमेकांवर ठेवा. टायटॅनियमच्या रेषेच्या खालच्या बाजूला फरक दिसला, तर मधल्या सगळ्या स्कॅनपैकी कोणते ठेवायचे हे ठरवायला आपल्याकडे तो पहिला स्कॅन असेल.